शेवटचा प्रयोग आणि त्यानंतरची रात्र : तुमचे अनुभव सांगा

आमचं नाटक या महिन्याच्या अखेरीस बंद होतंय. जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' अशी ओळ यायला लागली आणि ग्रीनरूममधलं वातावरणच बदललं. एरवी मेकअप होता होता जो तो आपापल्या फोनमध्ये असायचा. आता पहिली घंटा होईपर्यंत सगळे एकाच खोलीत दाटीवाटीने बसतात.

व्यावसायिक नाटकात निरोप असा ठरवून मिळेलच याचा नेम नाही. कुणाला मालिका लागते, थिएटरच्या तारखा मिळत नाहीत, दौरा रद्द होतो, आणि मागचा कुठलासा रविवार शेवटचा होता हे नंतर कधीतरी कळतं. म्हणून ज्यांना नीट निरोप घेता आला, आणि ज्यांना नाही आला, त्या सगळ्यांकडून ऐकायचंय. नाटक कसं होतं ते राहू द्या. पडदा पडल्यावर कोण थांबलं, कुठे गेलात, काय खाल्लंत, पुढे कोण भेटत राहिलं, ते लिहा. नट, नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, कपडेपट, बुकिंग, सगळ्यांनी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या आधीच्या नाटकात पहिल्या अंकात आम्ही चौघं शिरा खायचो. दुपारीच करून डब्यात भरलेला, रात्रीपर्यंत दगड झालेला शिरा. तोंडभर हसून तो गिळायचा. गडकरी रंगायतनचा शेवटचा प्रयोग संपल्यावर सगळे तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो होतो. तिथे माझ्या धाकट्या दिराचं काम करणाऱ्याची आई मोठा डबा घेऊन आली. आत वाफाळता शिरा, केळं घातलेला. पहिला घास घेतला आणि कुणीतरी त्या प्रसंगातलं पहिलं वाक्य म्हटलं. मग अख्खा प्रसंग झाला, त्या कट्ट्यावर, आमच्याचसाठी. तो प्रसंग इतका चांगला आम्ही थिएटरात कधीच केला नव्हता, हे मी मनापासून सांगते.

दादरकर

शिवाजी मंदिर, दुपारी ४चा प्रयोग. रात्री साडेआठला तिथेच दुसऱ्या नाटकाचा प्रयोग, म्हणजे तासाभरात आमचा सेट बाहेर आणि त्यांचा आत. भेटायला आलेले मित्र विंगेत उभे आणि त्यांच्यामधून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, चाललेले. मिठ्याही घाईघाईनेच मारल्या. मग प्लाझासमोरून चालत 'प्रकाश'ला गेलो. साबुदाणे वडे, पियूष. एवढ्या माणसांना एकत्र जागा मिळेना, तेव्हा अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि मधूनमधून अदलाबदल.

मी त्या नाटकात रिप्लेसमेंट होतो. भूमिका आधी ज्यांनी केली होती ते दादा त्या दिवशी तिकीट काढून आले होते आणि नंतर माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "दुसऱ्या अंकात फोन ठेवल्यावर तू थांबतोस. मी थांबायचो नाही. तुझं बरोबर आहे." रिप्लेसमेंटला आलेल्या नटाला आपण दुसऱ्याच्या कपड्यात उभे आहोत असं सतत वाटत असतं. माझं ते वाटणं त्या वाक्याने संपलं. नाटकही संपलं होतं, पण त्याला इलाज नाही.

विंगेतला

मी नेपथ्य लावतो. शेवटच्या प्रयोगानंतरच्या जेवणाला आम्हालाही बोलावतात, मनापासून बोलावतात. पण वेळ कुणी बघत नाही. नट मेकअप उतरवून अर्ध्या तासात मोकळे. आम्ही टेम्पो भरणार, गोडाऊनला जाऊन उतरवणार. पोचेपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात.

एकदा वेगळं झालं. मुख्य काम करणाऱ्या ताई साडी बदलून परत स्टेजवर आल्या, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाल्या, "मामा, आधी कुठला फ्लॅट?" त्या आल्या म्हटल्यावर सगळेच आले. लेखकसुद्धा. नटांना फ्लॅट कसा धरायचा ते माहीत नसतं, त्यामुळे काम थोडं लांबलंच, पण टेम्पोचं फाळकं लागल्यावर सगळ्यांनी मिळून थिएटरच्या आवारात पावभाजी खाल्ली. नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, आम्हाला प्रत्येक प्रयोगाला मिळतात. तसं जेवण एकदाच मिळालं.

सेटचं काय होतं ते कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. फ्लॅट पुन्हा रंगवून दुसऱ्या नाटकाला जातात. त्या नाटकाचा हिरवा दरवाजा आता चॉकलेटी होऊन दुसऱ्या सेटवर आहे. त्या संचातलं कोणी भेटायला आलं की मी मुद्दाम दाखवतो.

धागाकर्ती

मामा, तुमचं लिहिलेलं आमच्या ग्रुपवर वाचून दाखवलं. आता ठरलंय, टेम्पो भरून झाल्याशिवाय जेवणाची पानं वाढायची नाहीत, आणि गोडाऊनला उतरवायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. निर्मात्यांनीही लगेच होकार दिला.

झाडीपट्टीचा माणूस

आमच्याकडे, म्हणजे पूर्व विदर्भात, एक नाटक बंद होत नाही, अख्खा सीझन बंद होतो. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की गावोगावी नाटकं लागतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, तिथे कंपन्यांची ऑफिसं. गावकरी तिथे येऊन नाटक ठरवतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत नाटक चालतं. थंडीत लोक ब्लँकेट, चादरी घेऊन बसतात, पण उठून जात नाहीत.

मी नागपूरहून काम करायला जातो. तालमी फार होत नाहीत. कधी कधी समोरच्या नटाची आणि माझी पहिली ओळख स्टेजवरच होते, आणि दोघांनाही संवाद सांगणारा प्रॉम्प्टरच सांभाळतो. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर हा फार मोठा माणूस आहे. सगळं नाटक त्याच्या आवाजावर चालतं आणि प्रेक्षकाला तो दिसत नाही.

एका सीझनचा शेवटचा प्रयोग गडचिरोलीकडच्या एका गावात होता. उजाडता उजाडता संपला. एरवी संपलं की मेकअप पुसत गाडीत बसायचं आणि झोपायचं, कारण संध्याकाळी दुसरं गाव. त्या दिवशी दुसरं गावच नव्हतं. कुणाचा पाय गाडीकडे निघेना. ऑर्गनवाले काका वाजवतच बसले, तबलेवाल्याने साथ धरली. आयोजकांनी पोहे आणि तर्री आणली. आमच्यातल्या खलनायकाने पहिली प्लेट भरली आणि प्रॉम्प्टरच्या हातात दिली, "भाऊ, सीझनभर तुम्ही आमच्या तोंडात शब्द घातले, आता तुम्ही घ्या." नाटक पाहायला थांबलेल्या दोन म्हाताऱ्या बाया तिथेच होत्या. त्यातल्या एकीने बोटं मोडून खलनायकाची दृष्ट काढली. रात्रभर त्यालाच शिव्या घातल्या होत्या तिने.

मग पांगलो. कुणी शेतीवर, कुणी ऑर्केस्ट्रात, एक जण शिकवणीला. एकमेकांशी बोलणं आता दिवाळीपर्यंत फोनवरच. पुढच्या सीझनला कोण कुठल्या कंपनीत असेल ते माहीत नसतं, म्हणून आमच्याकडे निरोप घेताना कुणी 'परत भेटू' म्हणत नाही, 'कोणत्या कंपनीत जाशील ते कळव' म्हणतात.

हौशी, सांगली

राज्य नाट्य स्पर्धेवाल्यांचं दुःख लिहितो. दिवसभर नोकरी, रात्री शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालीम, असं कितीतरी आठवडे, आणि प्राथमिक फेरीत प्रयोग एकच. अंतिम फेरीत गेलात तर आणखी एक, नाही तर शुभारंभ आणि समाप्ती एकाच रात्री. आम्ही निकालाच्या दिवशी कुणाच्या तरी घरी जमतो, निकाल काहीही लागो. पिठलं, भाकरी, ठेचा. भाकऱ्या आमचा दिग्दर्शक थापतो. यंदा निवड झाली नाही, पण पिठल्याचं पातेलं रिकामं झालं आणि पुढच्या वर्षीच्या संहितेवर पहाटेपर्यंत भांडण झालं.

बालगंधर्वचा कट्टा

आमच्या नाटकाचा शेवटचा प्रयोग कुणाला शेवटचा म्हणून माहीतच नव्हता. मार्च २०२०. थिएटरं बंद झाली तेव्हा 'पंधरा दिवसांनी भेटू' म्हणून निघालो होतो. मधे काही महिने थोडी उघडली आणि पुन्हा बंद झाली. २२ ऑक्टोबर २०२१ला पन्नास टक्के प्रेक्षकांवर परत सुरू झाली तेव्हा आमची एक नटी परदेशी गेली होती, आणि आमच्या प्रकाशयोजनाकारांचं कोविडमध्ये निधन झालं होतं. त्यांच्याशिवाय नाटक उभं करायला कुणाचं मन घेईना.

पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नीने आम्हाला घरी जेवायला बोलावलं. गच्चीवर सगळं नाटक वाचलं, नटी व्हिडिओ कॉलवर होती. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला त्यांच्या वहीतला लाइटचा क्यू, म्हणजे प्रकाश कधी बदलायचा ती खूण, त्यांच्या मुलीने मोठ्याने वाचला. पंचवीस वर्षं मी नाटकात आहे. मला त्या प्रयोगात काम करायला मिळालं, याचं समाधान कुठल्याच पुरस्काराने मिळालं नसतं.

जुना छबिलदासी

आमच्या काळी दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं व्हायची. १९७४पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने तिथे जो अड्डा जमवला, त्यातलाच मी एक. सकाळी शाळा भरायची, त्यामुळे शेवटचा प्रयोग असो की पहिला, आधी खुर्च्या रचायच्या. मग गल्लीत वडा खात चर्चा. प्रेक्षकही त्या चर्चेत असायचे आणि नाटक आवडलं नाही तर तोंडावर सांगायचे.

न्यू जर्सी

मंडळाचं नाटक, हॉल भाड्याचा, ठरल्या वेळेला रिकामा करावाच लागतो. सेट यू-हॉलच्या भाड्याच्या ट्रकमध्ये, आणि सगळे एकाच्या बेसमेंटमध्ये, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. आमच्यातलं एक जोडपं त्याच आठवड्यात टेक्सासला राहायला जाणार होतं. नाटकातली आजीची खुर्ची आम्ही त्यांच्या सामानात बांधून दिली.

मुलुंडची

आमचं बालनाट्य होतं. परीक्षा आल्या, मुलं मोठी झाली, फ्रॉक आखूड झाले आणि नाटक थांबलं. शेवटच्या दिवशी मुलांनी आइस्क्रीम मागितलं आणि आईबापच रडत होते. राक्षसाचं काम करणाऱ्या दादाने प्रत्येक मुलाला खांद्यावर बसवून पार्किंगला एक चक्कर मारली. त्यातली दोन मुलं आता कॉलेजात आहेत आणि त्यांची एकांकिका पुढच्या महिन्यात कालिदासला आहे. राक्षस, परी, झाड, सगळ्यांना मेसेज टाकलाय. नऊ जणांचे हो आलेत, तिकिटं मी काढतेय.