‘औषध मारणे’ : प्रशिक्षणाच्या टिपणांत काय लिहावं?

प्रश्न : मुंबईत पेस्ट कंट्रोलच्या कामावर नव्याने येणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितो आहे. घरोघरी ‘औषध मारायला माणूस आलाय’ असंच म्हणतात. तोच शब्द ठेवू की ‘कीटकनाशक’ लिहू? मुलांना तो शेतीतला वाटतो.

उत्तर : मुंबईत तरी तो शेतीपुरता नाही, महापालिकेचं खातंच ‘कीटकनाशक खातं’ आहे. फक्त उंदीर हा कीटक नव्हे, तिथे ‘मूषकनाशक’ लिहा. ‘औषध’ही चुकीचं नाही. तापाचं औषध तापावर, तसं उंदराचं औषध उंदरावर. पण डब्यावरचा दोन त्रिकोणांत विभागलेला चौकोन बघा. खालचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल, तर वरच्या त्रिकोणात ‘विष’ असा इशारा असतो, आणि लाल असेल तर कवटीसुद्धा. निळा आणि हिरवा त्यांच्यापेक्षा सौम्य. ज्याच्या मनात ‘औषध’ पक्कं बसलंय तो हातमोजे घालायचा कंटाळा करतो, उरलेलं पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवतो. म्हणून गिऱ्हाईकाशी बोलताना औषध म्हणा, टिपणांत मात्र कीटकनाशक.

दुसरं उत्तर : मला नामापेक्षा क्रियापदाची काळजी वाटते. ‘मारणे’ म्हटलं की नवा मुलगा पंपच उचलतो. स्वयंपाकघरातल्या लहान, फिकट जर्मन झुरळांसाठी जेल, म्हणजे मलमासारखं विषारी आमिष असतं. ते मारत नाहीत, बिजागऱ्यांत आणि फटींत त्याचे बारीक ठिपके लावतात. त्यावरच फवारा मारला तर झुरळं जेलला तोंड लावत नाहीत आणि सगळी मेहनत वाया जाते. उंदरांसाठी आमिष ठेवतात. वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोकं पाडून द्रावण भरतात. म्हणून फवारणे, लावणे, ठेवणे, भरणे ही चार क्रियापदं वेगळी शिकवा. गटाराच्या चेंबरमधलं मोठं, तांबूस अमेरिकन झुरळ हेही वेगळं प्रकरण, नुसतं ‘झुरळ’ लिहून भागणार नाही. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची कुपी पिल्लं बाहेर पडायची वेळ येईपर्यंत अंगालाच धरून फिरते, एका कुपीत तीस-चाळीस अंडी. ‘अंडकोष’ लिहू नका, त्याचा अर्थ भलताच होतो.

प्रश्नकर्ता : क्रियापदांचं लगेच घेतो. ‘वाळवी’ला काही जण ‘पांढरी मुंगी’ म्हणतात, तेही द्यावं का?

उत्तर : ओळखीपुरतं द्या, शीर्षकात नको. वाळवी मुंगीच्या नव्हे, झुरळाच्या कुळातली. आणि ‘अँटिडोट’ला आपला ‘उतारा’ वापरा, अगदी चपखल आहे. ब्रोमाडिओलोनसारख्या रक्त न गोठू देणाऱ्या मूषकनाशकाला के-१ जीवनसत्त्व हा उतारा. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना खास उतारा नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. तिथे रकाना रिकामा सोडू नका, ‘उतारा नाही, डबा घेऊन ताबडतोब रुग्णालयात’ असं ठळक लिहा.