मदत हवी आहे: खाडीत छोट्या होडीतून फ्लाय फिशिंग करताना ओहोटी कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी, मी पैठणचा. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, सात-आठ वर्षं गळ टाकतोय, त्यातली शेवटची तीन फ्लाय रॉडने, म्हणजे जड लाईनने हलकं नकली आमिष (फ्लाय) फेकून. चिलापी आणि मरळीवर हात चांगला बसलाय. पण आमचं पाणी साचलेलं. जायकवाडी वर्षातून एकदा भरतं आणि हळूहळू उतरतं. उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळात लोक गाळपेर करतात. सहा तासांत पाणी पायाखालून निघून जातं हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? आमची गोदावरी समुद्राला भेटते ती पार आंध्रात.

माझ्या बहिणीचं सासर दाभोळ खाडीच्या काठी, म्हणजे वाशिष्ठीवर. मागच्या भाऊबीजेला रॉड सोबत नेला होता. दाजी कामाने चिपळूणला गेलेले. दुपारी जेवणं झाल्यावर दोनच्या सुमारास त्यांची वल्ह्याची होडी घेऊन मी आणि दहा वर्षांचा भाचा निघालो. पाणी काठोकाठ, संथ, अगदी नाथसागरासारखं. कांदळवनातून एक ओढा खाडीत उतरतो, त्याच्या तोंडाशी नांगर टाकला.

तासाभरात ओढ्यातून गढूळ पाणी धावायला लागलं. त्यासोबत बारीक कोळंबी आणि बोयटांची पिल्लं वाहत येत होती. गढूळ आणि नितळ पाण्याची जिथे रेघ पडली होती तिथे एकदम ‘गुडुप्’ असा जाड आवाज झाला. जिताडा! तीनदा फ्लाय टाकली, चौथ्यांदा झटका बसला. पायाशी पडलेली लाईन पाणी उपसायच्या डब्याच्या कडीत अडकली आणि लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लायमधला बारीक धागा, तुटला. टोक खरवडल्यासारखं झालं होतं. जिताड्याच्या कल्ल्याला धार असते, तिनेच कापलं असणार.

त्या माशाच्या नादात मी तिथेच राहिलो. साडेचारला नांगर उचलला तर होडीचा तळ चिखलात बसलेला. ढकलायला उतरलो आणि मांडीपर्यंत रुतलो. भाच्याने माझा दंड धरून मला वर ओढलं. मग अंधार पडला, डास आले, लेकरू रडायला लागलं. रात्री अकराच्या पुढे पाणी परत आलं तेव्हा होडी हलली. बहीण काठावर बॅटरी धरून उभी होती. मला एक शब्द बोलली नाही, लेकराला पोटाशी धरून घरात गेली. ते मला अजून सलतंय.

दाजींनी दुसऱ्या दिवशी ठोकताळा सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. भाऊबीज म्हणजे द्वितीया, म्हणजे दीड वाजता भरती पूर्ण. त्यात अमावस्येनंतरचं उधाण, पाणी जितकं जास्त चढतं तितकंच जास्त उतरतं. मी निघालो तेव्हा ओहोटी लागलेलीच होती.

येत्या उन्हाळ्यात परत जायचंय, या वेळी दाजींसोबत. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ मंद असते, म्हणून मला तेच दिवस धरावेसे वाटतात. पण इतक्या कमी ओढीत जिताडा ओढ्याच्या तोंडाशी येतो का? की ओढ थोडी वाढेपर्यंत थांबू?

नांगराचंही नीट कळत नाहीये. वाहत्या पाण्यात दोर पुढच्या टोकालाच बांधायचा, मागून बांधला तर पाणी आत येऊन होडी बुडू शकते, आणि दोर खोलीच्या पाच-सहा पट तरी सोडायचा, इथवर ठीक. पण मग होडीचं तोंड प्रवाहाकडे, वारा आडवा, आणि बॅककास्ट, म्हणजे फेकण्याआधी मागे झोकलेली लाईन, नेमका वल्ही मारणाऱ्याच्या डोक्यावरून जातो. दोघं जण होडीत कसे बसता? डावखुऱ्याला मागे बसवता का?

लाईन आठ नंबरची, तरंगणारी. ओहोटीच्या धारेत फ्लाय वरवरच पळते, तळाशी जातच नाही. धातूचे डंबेलसारखे डोळे बांधलेली जड क्लाऊजर फ्लाय पुरेल, की सावकाश बुडणारी इंटरमीजिएट लाईन घ्यावीच लागेल? लीडरच्या टोकाला आता चाळीस पौंडी जाड तुकडा बांधायलोय. पायाशी घमेलं ठेवून त्यात लाईन सोडायची सवय रोज संध्याकाळी धरणाच्या काठावर करायलोय, तिथले एक भोई काका समोर बसून चुका दाखवतात.

आणि ज्याचं उत्तर मला सगळ्यात आधी हवंय ते हे: पाणी किती उतरलं की नांगर उचलायचाच? घड्याळावर माझा भरवसा राहिलेला नाही, मासा लागला की ते बघणं होत नाही. कांदळाच्या मुळांवर कालवं चिकटलेली दिसतात, ती उघडी पडायला लागली की निघा, अशी डोळ्यांना दिसणारी एखादी खूण तुमच्याकडे पाळतात का? भाचा परत येतो म्हणतोय, आणि बहिणीने अजून हो म्हटलेलं नाही.