न्यूकमध्ये व्हर्जन नेमकं कधी वाढवायचं? सल्ला हवाय

द्वारकासर्कल:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं नाशिकमधून न्यूक या सॉफ्टवेअरवर मालिकांचं कॉम्प करतो, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये जोडतो. क्रोमा (हिरवा पडदा काढणं), वायर काढणं, गाडीच्या काचेबाहेरचा रस्ता बसवणं, असलंच सगळं. फाइल्स एका नॅसवर, म्हणजे तिघांच्या सामायिक नेटवर्क डिस्कवर असतात.

परवा चांगलाच आपटलो. शॉट ४० चं व्ही०७ पाठवलं, पसंत पडलं. संध्याकाळी उगाच तीच फाइल उघडली, केसांच्या कडेचा हिरवा आणखी थोडा मारला, कंट्रोल-एस दाबलं आणि त्याच फोल्डरवर रेंडर सोडला. सकाळी निरोप आला, "कालचंच ठेवा, फक्त मागचं आभाळ जरा गडद करा." आता कालचं आणू कुठून? पाठवलेला व्हिडिओ होता, पण त्यातून डीस्पिलचे (हिरवी छटा मारण्याचे) आकडे थोडेच निघतात! रात्री दोनपर्यंत तो शेजारी लावून नजरेने जुळवत बसलो.

तुम्ही किती वेळाने व्हर्जन वाढवता? ऑटोसेव्हवर भागतं का? एक मित्र म्हणतो गिट (फाइलमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) लावा.

रोटोतूनवर:
किती वेळाने हा प्रश्नच सोडून द्या. आकडा बाहेर गेलेल्या रेंडरचा असतो, सेव्हचा नाही. एखादं व्हर्जन दुसऱ्या कुणी पाहिलं, मग तो दिग्दर्शक असो नाहीतर शेजारच्या खुर्चीवरचा माणूस, की त्या फाइलला हात लावायचा नाही. उघडली की पहिलं काम ऑल्ट-शिफ्ट-एस. नावात _व्ही०७ असेल तर न्यूक स्वतःच _व्ही०८ करून सेव्ह करतं.

पण तुमचं खरं दुखणं राइट नोडमध्ये आहे (नोड म्हणजे न्यूकमधली एकेक क्रिया, राइट नोड रेंडर फाइलमध्ये लिहितो). तिथे नाव हाताने टाइप केलंय ना? मग स्क्रिप्ट (न्यूकची फाइल) आठवर गेली तरी रेंडर सातवरच बसणार. फाइलच्या खान्यात स्क्रिप्टचं नाव उचलणारं टीसीएल (न्यूकमध्ये चालणारी छोटी भाषा) एक्स्प्रेशन टाका: व्हॅल्यू रूट.नेम घ्यायचं, फाइल टेलने फोल्डर उडवायचा, फाइल रूटनेमने एक्स्टेन्शन. फोल्डरचं नावही त्यावरच, आणि 'क्रिएट डिरेक्टरीज'वर टिक. एकदा करून टूलसेट (पुन्हा वापरायचा तयार नोडसंच) म्हणून ठेवून द्या.

गोरेगाव_पूर्व:
वरच्याला +१, पण अर्धाच. बाहेर गेलं नसलं तरी मी दिवसातून दोन-तीनदा वाढवते. विशेषतः नोडच्या झाडाची मोठी उलथापालथ करायच्या आधी, म्हणजे कीअर (हिरवा काढणारा नोड) बदलणं, प्लेटचं (मूळ चित्रीकरणाचं) रिटाइम, म्हणजे वेग बदलणं, कुणाचा ग्रुप आणून चिकटवणं. आकडे फुकट आहेत. मधले चार कुणी पाहिलेच नाहीत तर बिघडलं काय? क्लायंटला ०७ नंतर थेट ११ दिसलं तरी तो काही विचारत नाही.

आणि एकाच नॅसवर तिघं असाल तर नावाच्या शेवटी आद्याक्षरं लावा. एकच स्क्रिप्ट दोघांनी उघडली तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच काम उरतं. आमच्याकडे असं एका माणसाचं दुपारभराचं ट्रॅकिंग गेलंय. दोन दिवस तो चहालासुद्धा आला नाही.

द्वारकासर्कल:
ताई, आद्याक्षरांचं आजच करतो. ऑटोसेव्ह मात्र बंद आहे, चालू केला की दर अर्ध्या मिनिटाला मशीन अडखळतं.

रोटोतूनवर:
अरे देवा. आधी चालू करा. मूळ सेटिंगनुसार ५ सेकंद हात थांबला की तो लिहितो, आणि तुम्ही थांबलाच नाहीत तरी ३० सेकंदांनी लिहितोच. अडखळतंय कारण ती फाइल स्क्रिप्टच्या शेजारीच, म्हणजे तुमच्या नॅसवर पडते. प्रेफरन्सेसमध्ये तिची जागा बदलून मशीनमधल्या डिस्कवर न्या.

क्रॅशनंतर उघडताना ऑटोसेव्ह घ्यायचा का असं विचारतो. उत्तर द्यायच्या आधी ती .ऑटोसेव्ह फाइल दुसरीकडे कॉपी करून ठेवा. घाईत नको ते बटण दाबलं जातं. मात्र हे क्रॅशपुरतंच. परवाच्या भानगडीत ऑटोसेव्हने काही वाचवलं नसतं.

गोरेगाव_पूर्व:
शेजारीच नावाच्या शेवटी ~ असलेली फाइल असते तीही बघत जा. आधीच्या सेव्हची प्रत असते ती. एकदा डिस्क भरली आणि माझी स्क्रिप्ट शून्य बाइट झाली, तेव्हा तिनेच तारलं.

लूप_नको:
गिटबद्दल. न्यूकची .एनके फाइल म्हणजे साधा मजकूर, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतो. एखाद्या नोडमुळे स्क्रिप्ट उघडतच नसेल तर तिथे जाऊन तो नोड मी खोडलाय. कालच्या आणि आजच्या फाइलमधला फरक बघायला गिट झकास. पण दोघांचं काम त्यात मर्ज करायला जाऊ नका. नोड एकमेकांना कसे जोडलेत ते फाइलमधल्या क्रमावर, स्टॅकवर ठरतं. एक ओळ इकडची तिकडे झाली की ब्लर भलत्याच प्लेटवर. शिवाय नोड नुसता सरकवला तरी त्याची जागा बदलली म्हणून फरक दाखवतं.

द्वारकासर्कल:
आमची फाइल एडिटरमध्ये उघडली, नुसता गिचमिडा दिसतोय. बिघडली का?

लूप_नको:
एक्स्टेन्शन काय आहे?

द्वारकासर्कल:
.एनकेइंड. न्यूकची इंडी आवृत्ती घेतलीय.

लूप_नको:
मग बिघडलेली नाही. इंडीची आणि नॉन-कमर्शियल आवृत्तीची फाइल एन्क्रिप्टेड असते. माझा वरचा सगळा प्रतिसाद तुमच्यापुरता बाद. गिट विसरा, आकडे वाढवा.

द्वारकासर्कल:
बरं झालं विचारलं. आता शेवटचं, इतकी व्हर्जनं ठेवायची कुठे? नॅस आत्ताच ८० टक्के भरलाय.

गोरेगाव_पूर्व:
स्क्रिप्ट एकही पुसायची नाही, त्यांना जागा ती किती लागते. जागा खातात ते रेंडर. १९२० बाय १०८०, हाफ फ्लोट (१६ बिट), तीन चॅनेल, कॉम्प्रेशनशिवाय ईएक्सआर या चित्रफाइलची एक फ्रेम साधारण १२ एमबी, म्हणजे शंभर फ्रेमचा शॉट सव्वा जीबी. बाहेर न गेलेले रेंडर दर शनिवारी उडवा, स्क्रिप्ट असली की पुन्हा निघतात. फक्त प्लेट जागेवर हव्यात, आणि मधे कुणी प्लगइन बदललेलं नको. गेलेले मात्र एपिसोड दाखवून होईपर्यंत ठेवा.

द्वारकासर्कल:
शॉट ४० पास झाला. व्ही१० वर.