सुट्या भागांसाठी जुनी मारुती ८०० घेऊन घरी खोलायची आहे. कायद्याच्या बाजूने काय काय अडू शकतं?

कार्ब्युरेटर_आठशे (प्रश्न)

माझ्या नावावर १९९७ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. आरसीचं नूतनीकरण २०२७ पर्यंत झालेलं आहे आणि ती गाडी चालती ठेवायची आहे. तिच्यासाठी भाग म्हणून १९९९ ची तशीच एक गाडी मिळतेय. त्या दुसऱ्या गाडीची स्थिती अशी:

– आरसी २०१९ ला संपली, पुढे नूतनीकरण नाही.
– आरसीवरचे मालक वारले आहेत. विकणारा तिसराच माणूस आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, मालकांनी आधी सह्या करून ठेवलेले, त्याच्याकडे आहेत.
– बँकेचा बोजा आरसीवर अजून दिसतो. कर्ज फिटलंय असं तो तोंडी सांगतो.

विचार असा की गाडी घराच्या आवारात आणायची, सवडीने खोलायची, इंजिन माझ्या गाडीत टाकायचं, काही भाग विकायचे आणि सांगाडा भंगारवाल्याला द्यायचा. यात गुन्हा नेमका कुठे होतो? आणि पाना लावायच्या आधी कोणते कागद हातात हवेत? ऑइल, पेट्रोल, एसीचा गॅस यांचे नियमही कुणी नीट सांगावेत.

---

चासी_छाप

आधी कागद, कारण तुमच्या प्रश्नातली खरी जोखीम तिथेच आहे.

मृत व्यक्तीच्या सहीचे फॉर्म २९-३० म्हणजे तुमच्यासाठी कोरा कागद. मालक वारल्यावर हस्तांतर फॉर्म ३१ वर, वारसांकडून होतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी ज्याच्या ताब्यात आली त्या वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा. जुन्या सहीवर मृत्यूनंतरची तारीख टाकून फॉर्म भरला की तो बनावट दस्तऐवजाचा मामला होतो, आणि तो कागद वापरणारे तुम्ही ठरता. बोजाही तोंडी उतरत नाही: बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर पत्र आताच्या बँकेकडून आणायचं. त्याला वेळ लागतो, पण मिळतं.

त्या तिसऱ्या माणसाला बाजूला ठेवून थेट वारसांशी बोला. ते भेटत नसतील किंवा विकणारा भेटू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीची वस्तू स्वीकारणं म्हणजे ‘चोरीची आहे हे माहीत असून’ एवढंच नाही. ‘तसं मानायला कारण असूनही’ अप्रामाणिकपणे घेणं हेही त्यात येतं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. मूळ मालक नाही, बोजा उतरलेला नाही, किंमत फारच कमी, आणि विकणारा वारसांपासून लांब ठेवतोय. यातली प्रत्येक गोष्ट उद्या ‘कारण होतं’ या बाजूने मांडली जाईल.

गाडी बघायला गेलात की आरसीवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष जुळवा. चासी क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट (वर कागद धरून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) घ्या. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा शिवण किंवा त्या पट्ट्यापुरताच वेगळा रंग दिसला तर पुढे बोलू नका. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंद, बोजा आणि थकीत ई-चलान बघा. चोरीच्या गाड्यांची नोंद एनसीआरबीकडे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) तपासता येते, तिथलं उत्तर छापून फाइलला लावा.

---

भंगारनियम

वरचं सगळं बरोबर, पण ‘घरी खोलणं गुन्हा आहे का’ हा प्रश्न त्यात राहिला. मी थोडं कडक बोलतो.

२०२१ साली केंद्राचे वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रांचे नियम आले. नोंदणी वैध राहिली नाही अशी गाडी त्या नियमांत ‘आयुर्मान संपलेलं वाहन’ धरली जाते, आणि ती मोडीत काढायची तर नोंदणीकृत केंद्रातच. बोलताना सगळे त्याला आरव्हीएसएफ म्हणतात. १ एप्रिल २०२५ पासून पर्यावरण खात्याचे वेगळे नियमही लागू आहेत. त्यांनुसार गाडी या व्याख्येत गेल्यापासून १८० दिवसांत नोंदणीकृत मालकाने ती कंपनीने ठरवून दिलेल्या विक्री केंद्रात, संकलन केंद्रात किंवा आरव्हीएसएफकडे जमा करायची असते. तुमची १९९९ ची गाडी २०१९ पासूनच या व्याख्येत बसते. ती घरी आणून पूर्ण मोडणं आणि सांगाडा गल्लीतल्या भंगारवाल्याला देणं, हे सरळ या नियमांच्या विरुद्ध आहे. त्यामुळे ‘वारसांकडून घ्या आणि खोला’ हा सल्ला मी देणार नाही.

वारसांनीच गाडी आरव्हीएसएफकडे जमा करावी. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. त्यावर वारसांना नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, म्हणजे त्यांनाही हा मार्ग तोट्याचा नाही. तुम्हाला हवे ते भाग केंद्राकडून बिलावर घेण्याचं गाडी जमा होण्याआधीच बोलून ठेवा. गाडी एकदा चेपायच्या प्रेसमध्ये गेली की काही उरत नाही.

---

चासी_छाप

@भंगारनियम, नोंदणी संपलेल्या गाडीबाबत मान्य. पण वाचणाऱ्यांचा उलटा गैरसमज नको. वैध नोंदणी असलेल्या स्वतःच्या गाडीचा दरवाजा, सीट, स्टार्टर काढून विकणं आणि दुसरा बसवणं ही दुरुस्ती आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या वाचनाप्रमाणे रेषा अशी आहे: गाडी गाडी म्हणून उरणार आहे की नाही? ती कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ लागतं आणि १४ दिवसांत आरसीसह आरटीओला कळवावं लागतं. जे लोक वर्षानुवर्षं ‘थोडी थोडी’ खोलत बसतात ते इथे अडकतात, कारण निकामी कधी झाली याची तारीखच त्यांना दाखवता येत नाही.

नोंदणी रद्द न करता सांगाडा विकण्याचा धोका फार लोकांना कळत नाही. कायद्यात मालक म्हणजे नोंदीवर ज्याचं नाव तो, कलम २(३०). सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच पक्कं केलं. गाडी हातोहात चार जणांकडे गेली होती, तरी अपघाताची भरपाई नोंदीवरच्या मालकावर आली.

आणि जाहिरात टाकल्यावर एक विशिष्ट गिऱ्हाईक हमखास येतं. त्याला भाग नको असतात. आरसी, नंबरप्लेट आणि चासी क्रमांकाचा पत्रा कापून हवा असतो, आणि त्याचे तो सांगाड्यापेक्षा जास्त पैसे देतो. चोरीच्या गाडीला तुमच्या गाडीची ओळख चढवायला हे तीनच लागतात. कोणत्याही किमतीला देऊ नका. हे तिन्ही शेवटपर्यंत गाडीसोबत राहिले पाहिजेत आणि आरटीओ किंवा आरव्हीएसएफच्याच हाती गेले पाहिजेत. फास्टॅगही काचेवरून काढून खातं बंद करा.

---

रिकामी_टाकी

द्रव आणि गॅसबद्दल. गाडी जमा करण्यापूर्वी काही काढणार असाल किंवा चालत्या गाडीचं इंजिन उतरवणार असाल तरी हे लागू आहे.

पेट्रोल: पेट्रोलियम कायदा १९३४, कलम ८. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं. भांडं घट्ट झाकणाचं हवं: काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लॅस्टिकचा कॅन यात कुठेच नाही. ८०० ची टाकी २८ लिटरची, म्हणजे भरलेली एक टाकी उपसली की तुम्ही मर्यादेच्या काठावर आलात. उपसल्यावर टाकी रिकामी दिसते पण वाफ आत असते, आणि भडका त्या वाफेचाच उडतो. टाकी उतरवून लांब ठेवल्याशिवाय सांगाड्याजवळ ग्राइंडर किंवा गॅस कटर चालवू नका. आगीच्या बाबतीत निष्काळजीपणा हा न्याय संहितेच्या कलम २८७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, कुणाला इजा झाली नाही तरी.

ऑइल: इंजिनचं सुमारे ३ लिटर, गिअरबॉक्सचं दोन-अडीच. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच गेलं पाहिजे. घरगुती प्रमाणात सोपा मार्ग म्हणजे असा करार असलेल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला देणं. कूलंट, ब्रेक ऑइल आणि पेट्रोल त्यात मिसळू नका. एक लिटर कूलंट पडलं की अख्खा डबा कुणी घेत नाही. फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या. खाली जाड प्लॅस्टिक आणि त्यावर लाकडाचा भुसा हवाच. मातीत काळा डाग दिसला की शेजाऱ्याच्या तक्रारीला फोटो आयता मिळतो.

एसी: बोनेटखालच्या स्टिकरवर आर-१२ की आर-१३४ए ते लिहिलेलं असतं. आर-१२ ओझोनला मारक म्हणून २००० च्या नियमांखाली येतो. आर-१३४ए ओझोनला मारक नाही, पण त्याची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट आहे. नळी सैल करून गॅस हवेत सोडू नका. बंद गाडीतही ३० अंशांना प्रणालीत सुमारे १०० पीएसआय दाब असतो, हात गारठून भाजतो आणि डोळ्यांत गेला तर नजर जाऊ शकते. गाडी चाकावर आहे तोवरच ती एसीवाल्याकडे नेऊन रिकव्हरी मशीनने गॅस काढून घ्या.

बॅटरी २०२२ च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याकडे परत, पावती घ्या. तांब्यासाठी वायरिंग जाळू नका. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशाने ५,००० रुपयांचा दंड आहे. नव्या गाड्यांच्या एअरबॅग सुट्या विकू नका, त्यात स्फोटक असतं आणि ती दुसऱ्या गाडीत फुटेल की नाही याची खात्री कुणालाच देता येत नाही.

---

आवार_आणि_नोटीस

घराच्या बाजूने थोडक्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम ३७६ (मुंबईत १८८८ च्या कायद्याचं ३९४) काही वस्तू साठवायला आणि काही धंदे करायला परवाना मागतं. स्वतःची एक गाडी दुरुस्त करणं वेगळं. दुसरी, तिसरी गाडी आली आणि ऑनलाइन जाहिराती सुरू झाल्या की अधिकारी त्याला धंदाच म्हणतो, आणि तुमच्याच जाहिरातींचे स्क्रीनशॉट जोडतो. नवी शेड घालणार असाल तर तिची बांधकाम परवानगी वेगळी.

सांगाडा एक दिवसही रस्त्यावर नको. सार्वजनिक जागी १० तासांहून जास्त बेवारस राहिलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ खाली उचलता येते, आणि खर्च मालकाकडून वसूल होतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते ६. ग्राइंडर यापेक्षा कितीतरी वर जातो, म्हणून कापण्याचं काम दुपारी, सलग आणि थोडा वेळ. शेजाऱ्यांनी विचारलं तर त्यांना कामाची शेवटची तारीख सांगा आणि पाळा. तक्रार प्रांत किंवा तहसीलदारांपुढे गेली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव हटवण्याचा आदेश निघतो, मग तारीख तुमच्या हातात राहत नाही.

---

कार्ब्युरेटर_आठशे

वारसांशी बोलणं झालं, ते आरव्हीएसएफकडे द्यायला तयार आहेत. केंद्र म्हणतं की इंजिन क्रमांक आरसीशी जुळायलाच हवा, म्हणजे गाडी इंजिनासकट हवी. मग माझ्या इंजिनाचं काय करू?

---

चासी_छाप

केंद्राची अट योग्यच आहे. समजा त्या गाडीचं इंजिन काढून तुमच्यात टाकलं, तर तो क्रमांक एका आरसीवर रद्द होतो आणि दुसऱ्या गाडीत फिरत राहतो. शिवाय इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तुमच्या आरसीत नवा क्रमांक चढवावा लागतो, आणि तो चढवताना आरटीओ बिल आणि मूळ गाडीचे कागद मागतो. रद्द झालेल्या गाडीचं इंजिन दाखवून ते काम होईल या भरवशावर खर्च करू नका.

क्रमांक ब्लॉकवर असतो. तुमचा ब्लॉक तुमच्याच गाडीत राहू द्या, बोअर-पिस्टनचं काम करायचं असेल तर मशिन शॉपमध्ये करून घ्या. सिलिंडर हेड, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, मॅनिफोल्ड, अल्टरनेटर, स्टार्टर आणि गिअरबॉक्स यांपैकी कशासाठीही आरसीत नोंद बदलावी लागत नाही. हे भाग जमा करण्याआधी काढू द्यायचे की नंतर बिलावर द्यायचे हे केंद्राकडून लेखी घ्या, कारण कमी वजनाप्रमाणे वारसांचे पैसे कापले जातात आणि वाद तिथे होतो. बिलावर भागाचं नाव, गाडीचा नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी.

बिलं, सर्टिफिकेटची प्रत, पेन्सिल प्रिंट आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवा. पोलीस कधी चौकशीला आले तर फाइल दाखवा. संशयित माल ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्त करू शकतात, तेव्हा वाद घालू नका. पंचनामा वाचून सही करा, जप्तीच्या यादीत प्रत्येक भाग नावानिशी आला आहे का ते बघा आणि यादीची प्रत मागा. माल परत मिळवायचा अर्ज न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली करता येतो, आणि तिथे ‘जुने गाडीचे भाग, एक ढीग’ असं लिहिलेल्या यादीवरून हेड तुमचंच हे सिद्ध करणं फार अवघड जातं.