१८० फ्लॅटची सोसायटी: ओल्या कचऱ्यासाठी मशीन घ्यावं की हौद बांधावेत?

नाइलाजाने_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. पुण्यात खराडीला आमची सोसायटी. रोजचा कचरा १०० किलोच्या वर जातो, तेव्हा ओला कचरा आवारातच जिरवा, असं महापालिकेचं पत्र आलंय. एक विक्रेता '२४ तासांत खत' करणारं मशीन गळ्यात मारायला बघतोय. अध्यक्ष तयार आहेत, मला वीजबिलाची धास्ती. हौद बांधले आणि वास सुटला, तर पहिल्या मजल्यावरचे मला सोडायचे नाहीत. कोणी केलंय का हे?

कोथरूडची_मावशी
आधी आठवडाभर कचरा तोला, ओला वेगळा, सुका वेगळा. घनकचऱ्याच्या नियमांतले ते १०० किलो सगळा कचरा मिळून आहेत. खताला जाणार त्यातला फक्त ओला, म्हणजे हौद किती लागतील ते वजनावरच ठरेल.

२४ तासांत खत होत नसतं हो! मशीन कचरा तापवून, वाळवून भुगा करतं. तो तसाच कुंडीत घातलात तर पाणी मिळताच पुन्हा कुजायला लागतो. मुरवावा लागतोच, म्हणजे जागाही लागतेच. आमच्याकडे जाळीच्या विटांचे हौद आहेत. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर भुसा किंवा सुका पाला, मधूनमधून ताकाचं पाणी, आठवड्याला खालीवर. दीड-दोन महिन्यांत खत. वास येतो तो पाणी जास्त आणि हवा कमी झाली की. मुठीत दाबलं तर ओल लागावी, पाणी गळू नये. करवंट्या आणि कोयी बाजूला काढा, त्या काही लवकर कुजत नाहीत.

पार्किंगच_पार्किंग
मावशी, जागा असणाऱ्यांचं ठीक आहे. आम्ही मशीनच घेतलं, बरं चाललंय. फक्त चालवणारा माणूस रजेवर गेला की कचरा तुंबतो. बदली माणूस आणि दुरुस्ती करारातच लिहून घ्या.

पाचवा_मजला
सुक्याचं काय? आणि डायपर?

कोथरूडची_मावशी
सुका 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना द्यायचा. विकण्याजोगा माल त्या वेगळा काढतात, तीही त्यांची कमाई. म्हणून दुधाच्या पिशव्या धुऊन द्या. पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही. इतकी वर्षं कचरा डेपोशेजारच्या उरुळी-फुरसुंगीकरांनी आपली घाण सोसली, एवढं तर आपण करूच शकतो.

आणि सेक्रेटरी, खत प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात सवलत मिळते. सभेत हे आधी सांगा, मग बाकीचं.

नाइलाजाने_सेक्रेटरी
सोमवारपासून तोलतो. भुसा कुठे मिळेल?

कोथरूडची_मावशी
भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या वखारींत, पोत्यावर. प्लायवुडचा मात्र घेऊ नका, त्यात गोंद असतो.