मदत हवी आहे: बी.फार्म.ची मुलं मेडिसिनल केमिस्ट्री नुसती घोकतात, काय करू?

नमस्कार मंडळी. बी.फार्म.च्या चौथ्या सेमिस्टरच्या मुलांच्या शिकवण्या घेते. मुलं हुशार आहेत, पण सगळा कारभार पाठांतराचा. पेनिसिलिनची रचना डोळे मिटून काढतील. त्यातली बीटा-लॅक्टम रिंग (चार अणूंचं अमाइड कडं) इतक्या सहज का फुटते विचारलं की एकमेकांकडे बघतात. चार अणूंच्या कड्यात कोन ९० अंशांच्या आसपास दाबलेले, नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी कार्बोनिलकडे (C=O) नीट सरकत नाही, म्हणून ते कार्बोनिल साध्या अमाइडमधल्यापेक्षा इलेक्ट्रॉनसाठी जास्त हावरट. जिवाणूच्या एन्झाइममधलं सेरीन नेमकं तिथेच हल्ला करतं. इथवर गाडी येते. पण लगेच प्रोकेन (एस्टर) आणि प्रोकेनामाइड (अमाइड) शेजारी काढून 'पाण्याने आधी कोण तुटेल?' म्हटलं, की वह्या चाळणं सुरू. अहो, एस्टर अमाइडच्या आधी तुटतं, हे ऑरगॅनिकमध्ये शिकून झालंय की! लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधातले दोन मिथाइल त्यातल्या अमाइडला आडोसा देतात, म्हणून ते सहज तुटत नाही, हे तर त्यांना शोभेचंच वाटतं.

शिवाय अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा वक्र बाण. तो इलेक्ट्रॉनपासून निघतो, हे कितीही सांगा, प्रोटॉनपासूनच काढणार. परीक्षेत 'एसएआर (रचना आणि औषधाचा परिणाम यांचा संबंध) लिहा' एवढंच येतं, मग कोण डोकं चालवणार, हेही खरंच.

इथे शिकवणारे कुणी असाल तर सांगा: आधी महिनाभर फक्त मेकॅनिझम (अभिक्रिया पायरीपायरीने कशी घडते ते) घेता, की औषध येईल तसं मागचं उकरता? रेणूंच्या मॉडेल किटचा उपयोग होतो का? आणि रचना बघून अंदाज बांधायला लावणारे प्रश्न कुणी तयार केले असतील, तर पाठवाल का? मराठी-इंग्रजी मिश्र असले तरी चालतील.