विहिरींच्या नकाशासाठी षटकोनी जाळी कोडने कशी पाडू? सल्ला हवा

रहाटवाला: नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या, कर्नाटकातल्या उचगाव, तुरमुरी, बाची पट्ट्यातल्या विहिरी मोबाईलच्या जीपीएसवर नोंदवतोय, दीडशेच्या आसपास झाल्या. आता वर मधाच्या पोळ्यासारखी जाळी टाकून दाट-विरळ रंगात दाखवायचंय. पायथॉन जेमतेम येतं. ०.०१ अंशाची जाळी केली, तर जाळीतल्या एका षटकोनी घराचं क्षेत्रफळ ०.००००८६६ दाखवतंय. हे कसलं माप? षटकोन सोडून सरळ चौकोन घेऊ काय?

तांबडी_माती: ते चौरस अंश आहेत. एकर-गुंठ्यात मोजणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा काय उपयोग! शिवाय आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किमी आणि अक्षांशाचा ११०.६, म्हणजे षटकोन जमिनीवर उभट होणार. आधी बिंदू यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या नकाशा-प्रणालीत (तिचा कोड ईपीएसजी ३२६४३) ने, सगळं मीटरमध्ये येतं. मगच जाळी.

चौकोन नको. त्याचा कोपऱ्यावरचा शेजारी बाजूच्यापेक्षा १.४१ पट लांब असतो. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्या अंतरावर.

बाजू ६२० मीटर धर, घर जवळपास एक चौरस किमीचं होतं. टोक वर ठेवलंस तर एका ओळीतली केंद्रं बाजू गुणिले वर्गमूळ ३, म्हणजे सुमारे १०७४ मीटरवर. पुढची ओळ दीडपट बाजूवर, ९३० मीटर. एकाआड एक ओळ अर्ध्या घराने सरकव. कोपरे केंद्रापासून ६२० मीटरवर, ३०, ९०, १५० असे साठ-साठ अंशांनी. एक सांगतो, १०७४ असा गोल आकडा कोडमध्ये लिहू नको, वर्गमूळच ठेव. मी लिहिला होता, घरांमध्ये केसाएवढ्या फटी पडल्या आणि त्या शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

घाटवाट: एवढी यातायात कशाला? क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रिएट ग्रिड आहे, षटकोन निवडायचा की झालं. एचथ्री ही जगभराची षटकोनी जाळीही तयार मिळते, पण त्यात आकार आपल्या मर्जीचा नाही. आठव्या पातळीचं घर सरासरी ०.७४ चौरस किमी, सातव्याचं एकदम ५.१६. मधलं काही नाही.

रहाटवाला: लूप लिहूनच केली, फटी नाहीत. पायथॉनमधल्या जिओपांडाजच्या स्पेशियल जॉइनने (कुठला बिंदू कुठल्या घरात ते जुळवून) विहिरी मोजल्या. पण बाचीच्या पश्चिमेची घरं एकदम फिकट आलीत. तिथं तर पावलागणिक विहीर आहे!

तांबडी_माती: ती घरं शिनोळीत शिरलीत की रे. तिकडं महाराष्ट्र, आणि तू तिकडच्या विहिरी नोंदवल्याच नाहीस. जाळीला कुठली आलीय सीमा? घर हद्दीवर कापलंस तरी नुसत्या आकड्यावर रंग देऊ नको, अर्ध्या घरात विहिरीही अर्ध्याच दिसणार. घराचा जेवढा भाग खरंच फिरलास, त्या चौरस किमीने भाग आणि मग रंग दे. अगदीच चिंचोळे तुकडे उरले तर करडे ठेव, एका विहिरीनेही ते लालभडक होतात.

रहाटवाला: भागून बघितलं, बाची उजळली. शिनोळी काय, सायकलवरची आहे. रविवारी तिकडच्याही नोंदवून येतो.